जिंकणाऱ्याचा लेख, हरणाऱ्याची भिंत : कांचीपुरमचे दोन दिवस

१/ चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील कांचीपुरमला बहुतेक प्रवासी सकाळी पोहोचतात, तीन-चार गोपुरे पाहतात, रेशमी साड्या घेतात आणि संध्याकाळी परततात. या धावपळीत एका खांबावरचा कन्नड लेख हमखास नजरेतून सुटतो. पल्लवांच्या राजधानीत, पल्लवांनीच बांधलेल्या मंदिरात, त्यांच्या शत्रूने तो कोरविला आहे. कांचीच्या सहलीची आखणी या खांबापासून का सुरू व्हावी, त्याचा हा धागा.

२/ सातव्या शतकात दक्षिणेत दोन प्रबळ सत्ता एकमेकींसमोर उभ्या होत्या : वातापीचे, म्हणजे आजच्या बदामीचे चालुक्य आणि कांचीचे पल्लव. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी पल्लवांवर चालून गेला. पुढे पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन याने इ.स. ६४२ च्या सुमारास थेट वातापी जिंकून त्याचा सूड घेतला आणि ‘वातापीकोंड’ हे बिरुद धारण केले. बदामीच्या कातळावर त्याचा लेख आजही आहे.

३/ राजधानी गमावल्याची ही जखम चालुक्य विसरले नाहीत. दरम्यान कांचीत दुसरा नरसिंहवर्मन, म्हणजेच राजसिंह, याने आठव्या शतकाच्या आरंभी कैलासनाथ मंदिर उभारले. त्याचे मूळ नाव राजसिंहेश्वर. वालुकाश्मात घडविलेले उंच विमान, पायथ्याला झेपावणारे सिंह आणि प्रांगणाभोवती ५८ लहान देवळांची रांग, अशी त्याची रचना आहे. त्यांतील काहींत प्राचीन भित्तिचित्रांचे अवशेष टिकून आहेत.

४/ म्हणून पहिली सकाळ कैलासनाथाची. कांचीतील बहुतेक मंदिरे दुपारी काही तास बंद असतात. दिवसाचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग आधीच पाडलेले बरे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथला पावसाळा, तर उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे.

५/ आता तो खांब. नरसिंहवर्मनाच्या विजयाला सुमारे शंभर वर्षे होत आली असता चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य (इ.स. ७३३-७४४) विजयी होऊन कांचीत शिरला. सूडाची संधी समोर होती. परंतु कैलासनाथाच्या मंडपातील खांबावर त्याने कोरविलेला लेख वेगळेच सांगतो : राजसिंहेश्वराची संपत्ती त्याने पाहिली आणि ती देवालाच परत केली.

६/ हे निव्वळ औदार्य होते काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लेख जेत्याचा आहे. त्यात जेत्याची कीर्ती आहे. शत्रूच्या देवालयात, शत्रूच्या प्रजेसमोर, स्वतःच्या भाषेत दातृत्व मिरविणे हाही सत्तेचाच आविष्कार होता. तरीही मंदिर उभे राहिले, हे सत्य उरतेच.

७/ संध्याकाळी एकाम्रेश्वर. त्याचे भव्य दक्षिण गोपुर विजयनगरच्या कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये उभारले. कैलासनाथ पाहून येथे आलेल्याला आठशे वर्षांतला बदल एका दिवसात उमगतो : पल्लवकाळी उंची गाभाऱ्यावरच्या विमानाला होती, विजयनगरकाळी ती प्रवेशद्वाराकडे आली.

८/ दुसरी सकाळ वैकुंठ पेरुमाळ मंदिराची. हे विष्णुमंदिर दुसऱ्या नंदिवर्मनाचे, म्हणजे विक्रमादित्याकडून पराभूत झालेल्या राजाचेच. सिंहस्तंभांच्या ओवरीत, प्राकाराच्या भिंतींवर पल्लव वंशाचा इतिहास शिल्पपटांच्या रांगांतून कोरलेला आहे : राज्याभिषेक, युद्धे, दरबार.

९/ त्यात नंदिवर्मनाची स्वतःची कथाही आहे. गादीला थेट वारस उरला नव्हता. पल्लवांच्या दुसऱ्या शाखेतील हिरण्यवर्मनाकडे शिष्टमंडळ गेले आणि त्याच्या अल्पवयीन पुत्राला राजा म्हणून कांचीत आणले गेले. आपला हक्क प्रश्नांकित होऊ शकतो, हे जाणणाऱ्या राजाने आपली वंशावळ दगडात मांडली. जेत्याला एक लेख पुरला. हरलेल्याला अख्खी भिंत लागली.

१०/ संध्याकाळी विष्णुकांचीतील वरदराज मंदिर. तेथील शंभर खांबी मंडपाच्या कोपऱ्यांतील दगडी साखळ्या पाहण्यासारख्या आहेत. दोन दिवसांत याहून अधिक मंदिरे ‘उरकता’ येतील, पण पाहता येणार नाहीत.

११/ विक्रमादित्याची कथा कांचीत संपत नाही. पतीने कांची तीनदा जिंकली याच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने बदामीजवळच्या पट्टदकल येथे मंदिर बांधविले. तेच आजचे विरूपाक्ष मंदिर. त्याच्या रचनेवर कांचीच्या कैलासनाथाची छाप स्पष्ट दिसते. शत्रूचे मंदिर पाडण्याऐवजी चालुक्यांनी त्याची शैली आपल्या घरी नेली.

१२/ पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता संपविली आणि पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे आकाराला आले. त्याचा आराखडा विरूपाक्ष मंदिराशी नाते सांगतो. कांची, पट्टदकल, वेरूळ : तीन राजवंश, आणि एका मंदिरकल्पनेचा प्रवास. वेरूळ पाहिलेल्या मराठी प्रवाशाने कैलासनाथाच्या प्रांगणात क्षणभर थांबावे. ते विमान त्याला अगदीच अनोळखी वाटणार नाही.