जिल्हा बँकेवर नजर कोणाची? कर्जदारच संचालक असला तर काय होतं, वाचा

सोसायटीचं पीककर्ज, उसाचं बिल, शिक्षकांचा पगार... गावातला बराच पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून फिरतो. या बँकेवर नजर कोणाची, असं पारावर विचारलं तर कोणी रिझर्व्ह बँक म्हणतं, कोणी नाबार्ड, कोणी सहकार खातं. तिघांचंही खरं आहे. परवाना आणि बँकिंगचे नियम रिझर्व्ह बँकेचे, तपासणी नाबार्डची, नोंदणी सहकार खात्याची. २०२० च्या कायदाबदलाने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, जिल्हा बँकांना तो १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. गावची विकास सोसायटी मात्र त्यात येत नाही.

गोम आहे संचालक मंडळात. ते निवडून देतात सभासद संस्था, आणि त्यातल्या कितीतरी संस्था बँकेच्या कर्जदार असतात. म्हणजे कारखान्याचा चेअरमन बँकेतही संचालक असू शकतो. तोच आमदार किंवा मंत्री झाला, तर सहकार खातं त्याच्याच सरकारचं. मग तपासणी अधिकाऱ्याने कडक शेरा मारायचा कसा? राज्य सहकारी बँकेत हेच दिसलं. मंडळावर सगळ्या पक्षांचे मोठे नेते होते. नाबार्डच्या तपासणीनंतर मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवले.

नागरी सहकारी बँकांना तर संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या फर्मना कर्ज द्यायला १ ऑक्टोबर २००३ पासून बंदीच आहे. स्वतःच्या ठेवीवर वगैरे चालतं. तरी पीएमसी बँकेत बहुतेक कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे गेलं, आणि बँकेचे अध्यक्ष त्याच समूहाच्या कंपनीवर संचालक राहिलेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते.

संचालकाने सलग किती वर्षं राहायचं यालाही मर्यादा आहे. आधी ८ वर्षं होती, १ ऑगस्ट २०२५ पासून १० झाली. खुर्ची सैल केली की घट्ट, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्या हातात काय? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नागरी बँकेचे सभासद असाल तर अहवालात मागच्या पानांवर ‘संचालक व नातेवाईकांना दिलेली कर्जे’ ही ओळ शोधा. आकडा असेल तर सभेत उभं राहून विचारा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. सभासदाला ताळेबंदाची प्रत मागता येते.

बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर ‘पतसंस्था’ लिहिलंय की ‘बँक’, तेवढं पैसे ठेवायच्या आधी बघा.