बिऱ्हाडगाडीची जन्मपत्रिका

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते बहुधा एखाद्याचे दैन्य सांगण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत मात्र पाठीवरचे बिऱ्हाड ही मध्यमवर्गाच्या हौसेची वस्तू झाली. झोपण्याचा बाक, चूल, पाण्याचे भांडे आणि कपड्यांचे कपाट पोटात वागविणारी मोटार घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे आल्प्सच्या पायथ्याशी किंवा समुद्रकाठी सुटी घालवू लागली. या गाडीला कॅम्पर व्हॅन असे नाव आहे. आपण तिला येथे बिऱ्हाडगाडी म्हणू. आज पन्नास-साठ वर्षांचे वय झालेली अशी एखादी गाडी हाती आली, की तिचा नवा धनी पहिला प्रश्न विचारतो तो हा: हिचा मूळ साज कोणता? कारखान्यातून निघाली तेव्हा ही कोणत्या प्रतीची होती? प्रश्न हौशी माणसाचा आहे खरा. परंतु त्याचे उत्तर काढावयाचे तर जुने ताम्रपट आणि सनदा तपासणाऱ्याची सारी सावधगिरी अंगी असावी लागते.

प्रथम या गाडीचे कुळ पाहू. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत चाकांवर ठेवलेल्या पेटीसारखी एक आकृती काढली. फोक्सवॅगनच्या लहान मोटारीचे इंजिन मागे, चालक अगदी पुढे आणि मधली सारी जागा मोकळी, एवढीच ती कल्पना. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे या गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले व १९५६ साली ते हानोव्हरच्या नव्या कारखान्यात गेले. एकाच सांगाड्यावर अनेक रूपे निघत. बिनखिडक्यांची मालगाडी होती. बाके काढून माल आणि बाके बसवून माणसे नेणारी कोंबी होती. निव्वळ उतारूंची गाडी होती. आणि छताच्या कडांनाही काचा बसविलेली, लोक जिला सांबा म्हणत, ती श्रीमंती थाटाची गाडीही होती.

बिऱ्हाडगाडी मात्र या कारखान्यात पुरी होत नसे. हानोव्हरने कवच तयार करावयाचे आणि वीडेनब्रुक गावातील वेस्टफालिया या कंपनीने त्यात संसार मांडावयाचा, असा रिवाज पडला. १८४४ साली एका लोहाराच्या दुकानातून उभी राहिलेली ही कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्यांत कपाटे व बिछाने बसवू लागली. म्हणजे बिऱ्हाडगाडी ही द्विज आहे. तिचा एक जन्म हानोव्हरचा, दुसरा वीडेनब्रुकचा. तिच्याविषयीचे निम्मे घोटाळे या दोन जन्मांची गल्लत केल्यामुळे होतात.

दुसऱ्या जन्माची खूण म्हणजे एस्‌ओ हा क्रमांक. झोंडरआउसफ्यूरुंग, अर्थात विशेष घडण, या लांबलचक जर्मन शब्दाचा तो संक्षेप. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातील एस्‌ओ ३४ आणि एस्‌ओ ३५ या दोन घडणी एकमेकींच्या बहिणी. पण पहिलीत पांढऱ्या-करड्या लॅमिनेटचे फर्निचर आणि दुसरीत लाकडी. मागाहून, १९७० च्या सुमारास, नुसत्या क्रमांकांनी गिऱ्हाईक भुलत नाही असे वाटले म्हणा, या घडणींना ओस्लो, झुरिच, रोम अशी शहरांची नावे देण्यात आली. पुढे हेलसिंकी आणि बर्लिन आल्या. बर्लिन नावाची गाडी बर्लिनमध्ये तयार झाली असावी असे समजणारे भोळे लोक आजही भेटतात. त्यांना हसू नये. नावावरून गावाचा इतिहास रचणारे आपल्याकडे काय थोडे आहेत?

आता पहिल्या जन्माचा कागद. त्याला कागद म्हणणेही बरोबर नाही, कारण तो पत्र्याचा आहे. पुढच्या आसनामागे हाताच्या पंजाएवढीही नसलेली एक पट्टी आढळते. तिच्यावर वाक्य एकही नाही, केवळ आकडे व अक्षरे. हिला एम-पट्टी म्हणतात. ‘एम’ म्हणजे जादा सामग्री दाखविणाऱ्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर. चासी क्रमांकाचा भाग, मागणीप्रमाणे बसविलेल्या जादा वस्तूंचे संकेत, बाहेरच्या रंगाचा व आतल्या कापडाचा संकेत, गाडी कोणत्या देशी वा बंदरी पाठवावयाची त्याचा संकेत, गाडीचा प्रकार आणि इंजिन, इतका मजकूर तिच्यात ठासून भरलेला असतो. तारीखही असते. काही वर्षांच्या पट्ट्यांवर दिवस व महिना, नंतरच्यांवर आठवड्याचा क्रमांक व वार. नसते ते वर्ष! कारखान्यातल्या माणसाला चालू साल कोणते हे सांगण्याची गरज काय होती? पट्टी त्याच्यासाठी होती, आपल्यासाठी नव्हे. हिशेबाच्या चिटोऱ्यावर तिथी लिहून शक न लिहिणाऱ्या आपल्या जुन्या कारकुनाचीच ही तऱ्हा.

वर्ष काढावे लागते ते चासी क्रमांकावरून. ऑगस्ट १९६४ पासून हा क्रमांक नऊ आकडी झाला. त्यातील पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात: २१ म्हणजे मालगाडी, २३ म्हणजे कोंबी, २४ म्हणजे सांबा. तिसरा आकडा वर्षाचा. येथेही एक खोच आहे. कारखान्याचे वर्ष ऑगस्टात सुरू होई. म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये तयार झालेल्या गाडीच्या क्रमांकात तिसरा आकडा ५ नसून ६ असतो. हे ठाऊक नसलेला माणस पट्टी खोटी ठरवून मोकळा होतो. ताम्रपटातील तिथी आणि वार यांचा मेळ बसत नाही म्हणून दानपत्र बनावट ठरविण्यापूर्वी, लिहिणाऱ्याचे वर्ष चैत्रात सुरू होते की कार्तिकात, हे पाहावे लागते. तसाच हा प्रकार.

खोट्या पट्ट्या नाहीत असे मात्र नाही. २०१७ साली अमेरिकेत एका लिलावात १९६५ ची एक सांबा तीन लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. साध्या कोंबीला ही किंमत कोण देणार? तेव्हा कोंबीचे छत कापून त्यात काचा बसविण्याची आणि तिला सांबा म्हणून बाजारात उभी करण्याची कला उदयास आली यात नवल नाही. जुन्यासारखी नवी पट्टी ठोकून देणारे कारागीरही आहेत. १८५२ च्या कायद्याने नेमलेले इनाम कमिशन मुंबई इलाख्यात सनदा तपासू लागले, तेव्हा जुन्या दिसणाऱ्या सनदांचा सुकाळ झाला असल्यास तोही याच न्यायाने. म्हणून जाणता परीक्षक एका पुराव्यावर विसंबत नाही. इंजिनाच्या कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला क्रमांक, चालकाच्या बाजूची ओळखपट्टी आणि एम-पट्टी या तिघांची साक्ष तो एकमेकींशी ताडून पाहतो. मग तो गुडघ्यांवर बसतो. फरशीच्या पत्र्यावरील स्क्रूची भोके मोजतो, कपाटामागे न विटलेला रंग कोणता ते पाहतो, छताची कापलेली कड आतून हाताने चाचपतो. पट्टी नवी करता येते; साठ वर्षे कपाटाच्या सावलीत राहिलेला रंग नवा करता येत नाही.

पण माझ्या मते खरी अडचण लबाडांमुळे येत नाही, ती प्रामाणिक माणसांमुळे येते. इंग्लंडमध्ये सिडमथ येथे जे. पी. व्हाइट यांची कंपनी ‘डेव्हन’ या नावाने या गाड्यांत फर्निचर बसवीत असे. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचा ‘डॉर्मोबाइल’ होता. त्याचे छत एका कुशीवर उघडे आणि त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जाई. या गाड्या जर्मनीतून निघताना साध्या कोंबी किंवा उतारूंच्या गाड्या म्हणूनच निघत. साहजिकच त्यांची एम-पट्टी डेव्हनविषयी किंवा डॉर्मोबाइलविषयी एक अक्षर बोलत नाही. आता एखादा सत्यनिष्ठ धनी पट्टी वाचतो, ‘ही मुळात साधी कोंबी’ असा निर्णय करतो, आणि पहिल्या मालकाने नव्या गाडीसोबत पैसे मोजून घेतलेले ओकचे कपाट ‘मागाहून केलेली भर’ म्हणून अंगणात फेकतो. पट्टी खरी, वाचन अचूक, आणि तरीही इतिहासाचा नाश! मूळ म्हणजे कारखान्याच्या दारातून निघालेले, की पहिल्या कुटुंबाने पहिल्या उन्हाळ्यात वापरलेले? मी तरी दुसऱ्या अर्थाच्या बाजूचा आहे. मालगाडीला मालगाडी म्हणून जपावे; पण जी वस्तू बिऱ्हाड म्हणून विकली गेली, बिऱ्हाड म्हणून राहिली, तिचे मूळ बिऱ्हाडातच शोधले पाहिजे.

राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली, तेव्हा अस्सल पत्राइतकाच ते पत्र सापडलेल्या दप्तराचाही विचार करावयास त्यांनी आपल्याला शिकविले. बिऱ्हाडगाडीचे दप्तर म्हणजे तिची कपाटे, पडद्यांच्या दांड्या, आतल्या मापाला बेतून शिवलेले बिछाने, विक्रेत्याची पावती, आणि नशीब असेल तर पहिल्या सहलीचे एखादे छायाचित्र. वोल्फ्सबुर्गच्या मोटार-संग्रहालयाच्या संस्थेने जुन्या गाड्यांच्या धन्यांना चासी क्रमांकावरून जन्मदाखले दिलेले आहेत. त्यांत गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, तिचा पहिला रंग कोणता आणि ती कोणत्या देशी रवाना झाली, हे असते. सिडमथच्या सुताराने तिच्यात काय बसविले ते त्या दाखल्यात नसते. ते पाहावयाचे तर कपाट जागेवर असतानाच, त्याच्या पाठीमागे दिवा धरून पाहावे लागते.