गडकरी का बिथरले? १८४४ च्या कोल्हापूरकडून शिकायचा एक संशोधन-प्रश्न

"लष्कराच्या इतिहासावर काम करायचंय" असं म्हणणारे बरेच जण लगेच लढायांची यादी काढायला बसतात. पण फौजेचं सगळं आयुष्य लढाईत जात नाही. दरवाजे वेळेवर बंद करणं, रात्रीची गस्त, घाटवाटांवर नजर, मुलखातली गडबड जागच्या जागी थोपवणं, अशी कामं करणारी फौज कशी घडते आणि कधी उलटते? हा प्रश्न धरायचा असेल तर कोल्हापूरचे गडकरी बघा.

गडकरी म्हणजे किल्ल्यावरची वंशपरंपरागत शिबंदी. पगार रोख नव्हता. चाकरीच्या बदल्यात जमिनी होत्या. कवायतीचं मैदान नव्हतं. पहारा, वाटा, तटाच्या कच्च्या जागा हे सगळं मुलगा बापाकडून शिकायचा. शिवकाळापासून गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी अधिकाराची वाटणी असे, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. रचना अशी की शिपायाचं घर, शेत आणि निष्ठा तिन्ही गडाला बांधलेली.

आता १८४४ कडे या. गादीवर अल्पवयीन राजा आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांकडे. त्यांनी गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था गडाकडून काढून मामलेदारांकडे दिली. कागदावर ही साधी महसुली सुधारणा. गडकऱ्यांना मात्र दिसलं की आज व्यवस्था गेली, उद्या जमीन जाणार. सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे बंद झाले. बेळगावहून फौज आली, ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवलं होतं; डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळाही गेला. बंडाचं लोण सावंतवाडीपर्यंत पोचलं. शेवटी संस्थानातले किल्ले निकामी केले, वंशपरंपरागत शिबंदी बंद केली, जुनी फौज मोडून नवी स्थानिक पलटण उभी केली.

इथे घाईने निष्कर्ष निघतो: "जुनी, जमिनीवर पोसलेली फौज बेभरवशाची; पगारी, कवायती फौज भरवशाची." मी विज्ञानाकडून आलोय, त्यामुळे पहिला प्रश्न पडतो तो तुलनेचा. दुसरी बाजू तपासली का? तीही कोल्हापुरातच सापडते. ३१ जुलै १८५७ ला इथे बंड केलं ते कंपनीच्या २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीने. रोख पगार, कवायत, गोरे अधिकारी, सगळं होतं. म्हणजे फक्त पगाराची पद्धत आणि प्रशिक्षण यावरून निष्ठेचा अंदाज बांधता येत नाही. दोन्हीकडे विचारायला हवं ते असं: शिपायाच्या मते त्याच्याशी झालेला करार कोणता होता, आणि तो कोणी मोडला?

दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. पण चुकीचं गृहीतक पाडायला एक चांगलं उलट उदाहरण पुरतं.

ज्यांना यावर काम करायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, कोल्हापूर गॅझेटियर (१८८६) जरूर वाचा, पण तो बंड मोडणाऱ्या सरकारचा दस्तऐवज आहे हे विसरू नका. त्यातला "बंडखोर" हा शब्द म्हणजे निर्णय आहे, निरीक्षण नव्हे. दोन, मोडी शिका. गडकऱ्यांचं म्हणणं मिळालं तर ते इनाम, जमिनी आणि चाकरीच्या मोडी कागदांत मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्यासाठी कोल्हापूर पुराभिलेखागार गावातच आहे. तीन, विषय "१८४४ चं बंड" असा ठेवू नका, फार मोठा होतो. "भुदरगडच्या गडकऱ्यांच्या जमिनींचं १८४४ नंतर काय झालं?" असा ठेवा. हा प्रश्न एका तालुक्याच्या दप्तरात शोधता येतो, आणि उत्तर काहीही आलं तरी ते उपयोगाचं असेल.