फायब्रोमायल्जिया : सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का दुखतं?

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्ये 'वयोमानानुसार थोडी झीज' एवढंच. आणि तरीही मान, खांदे, कंबर, मांड्या महिनोन्महिने ठणकतायत, आठ तास झोपूनही सकाळी अंग चोळामोळा झाल्यासारखं वाटतंय. अशी तक्रार करणारं माणूस बहुतेकांच्या घरात किंवा ओळखीत असतं. 'वात आहे', 'टेन्शन घेते', 'कामाचा कंटाळा आहे' अशी निदानं नातेवाईक फुकट करून देतात. काही वेळा डॉक्टरही 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणून मोकळे होतात.

यातल्या काही जणांना खरोखर एक आजार असतो आणि त्याला नाव आहे : फायब्रोमायल्जिया. जगभरातल्या पाहण्यांनुसार साधारण २ ते ४ टक्के लोकांना तो असतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसतं, पण पुरुषांना आणि शाळकरी मुलांनाही तो होऊ शकतो.

नेमकं काय होतं?

मुख्य तक्रार अंगभर दुखण्याची. उजवी-डावी बाजू, कंबरेच्या वर आणि खाली, सगळीकडे. दुखणं जागा बदलतं : आज खांदे, उद्या पिंढऱ्या. कुणी ते फ्लू आल्यावर अंग मोडून येतं तसं सांगतं, कुणी आग होते म्हणतं. लाडाने पाठीवर मारलेली थापही काहींना सहन होत नाही.

पण हा फक्त दुखण्याचा आजार नाही. विश्रांतीने न जाणारा थकवा आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं हे त्याचे तितकेच मोठे भाग आहेत. तिसरा भाग डोक्याचा. बोलताना साधा शब्द आठवत नाही, गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. इंग्रजीत याला 'फायब्रो फॉग' म्हणतात, म्हणजे मेंदूवर धुकं पसरल्यासारखं होणं. याशिवाय डोकेदुखी, पोट बिघडणं, हातापायाला मुंग्या, मोठा आवाज किंवा प्रखर उजेड नकोसा होणं असंही अनेकांना होतं.

हे सगळं एकसारखं राहत नाही. बरे दिवस येतात, मग काहीतरी निमित्त होऊन त्रास उसळतो. या चढउतारामुळेच लोकांना संशय येतो : 'परवा लग्नात तर छान फिरत होती!' लग्नानंतरचे तीन दिवस ती अंथरुणात होती, हे पाहायला कुणी आलेलं नसतं.

नावातच झालेला घोळ

१९०४ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्यासाठी 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ स्नायूंभोवतीच्या तंतूंना आलेली सूज. पुढे स्नायूंचे तुकडे काढून तपासले गेले, तेव्हा अशी सूज सापडलीच नाही. मग १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव सुचवलं गेलं : तंतू, स्नायू आणि वेदना. सूज नावातून गेली, पण तंतू आणि स्नायू राहिले, आणि मुळातली गडबड तिथे नाही असं आज मानलं जातं. ती मज्जासंस्थेत आहे.

दुखणं खरं, बिघाड मात्र अलार्ममध्ये

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी गाडी अशी असते, की बॉनेटवरून मांजर उडी मारून गेलं तरी तिचा अलार्म कोकलायला लागतो. चोर आलेला नसतो, पण आवाज खराच असतो. फायब्रोमायल्जियात शरीराचा वेदनेचा अलार्म असाच हळवा झालेला असतो. स्पर्श, दाब, थंडी यांचे साधे संदेश पाठीचा कणा आणि मेंदू वाढवून ऐकतात आणि त्यांचं दुखणं होतं. वेदना दाबून टाकणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही कमी पडते.

याचा पुरावा आहे. २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अंगठ्यावर मोजूनमापून दाब देत रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे मेंदू स्कॅन केले. निरोगी माणसांत वेदनेशी संबंधित जे भाग बराच जास्त दाब दिल्यावर उजळले, ते रुग्णांत हलक्या दाबालाच उजळले. म्हणजे 'मनाचे खेळ' हा आरोप टिकत नाही. रुग्णाला ते खरोखर तितकंच दुखत असतं.

झोपेचं नातं त्याहून आधीचं. १९७५ मध्ये कॅनडात निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप आवाज करून मोडली गेली. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं आणि दाबल्यावर जास्त दुखू लागलं. दुखण्यामुळे झोप जाते हे सगळ्यांना कळतं. झोप गेल्याने दुखणं वाढतं, ही दुसरी बाजू मात्र उपचार करतानाही विसरली जाते.

सुरुवात कशाने होते, याचं एकच उत्तर नाही. काही घराण्यांत प्रमाण जास्त असतं. अपघात, मोठा संसर्ग, बाळंतपण, दीर्घ मानसिक ताण यांनंतर तो सुरू झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात. २०२१ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, तेव्हा उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. त्यावरून प्रतिकारशक्तीचाही हात असावा अशी चर्चा सुरू झाली, पण त्यातून अजून कुठली तपासणी किंवा औषध हातात आलेलं नाही.

निदान कसं करतात?

१९९० च्या निकषांनुसार अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा बोटाने दाबून पाहत. ११ जागी दुखलं, तर फायब्रोमायल्जिया. अनेक ठिकाणी आजही हेच सांगितलं जातं, पण २०१० मध्ये निकष बदलले आणि २०१६ मध्ये त्यांत पुन्हा सुधारणा झाली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग गेल्या आठवड्यात दुखले ते मोजतात. थकवा, झोप, विसरभोळेपणा यांना गुण देतात. आणि हा त्रास किमान तीन महिने सलग आहे का, हे पाहतात.

मग रक्त कशाला तपासायचं? कारण थायरॉइड कमी असणं, रक्तक्षय, 'ड' किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही असंच अंग दुखतं आणि थकवा येतो. आपल्याकडे या गोष्टी भरपूर आढळतात आणि त्यांवर सोपे उपचार आहेत. आमवातात ईएसआर, सीआरपी वाढलेले दिसतात आणि सांधे सुजतात. फायब्रोमायल्जियात सांध्यांना सूज येत नाही आणि ते वाकडेही होत नाहीत.

मात्र दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, आणि खरी अडचण तिथे होते. आमवात औषधाने आटोक्यात असतो, दुखणं फायब्रोमायल्जियाचं असतं आणि डोस मात्र आमवाताचा वाढवला जातो. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांकडे जाणं पैसे वाचवणारं ठरतं.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून झालेल्या संधिवाताच्या पाहणीतही हाडं आणि सांधे न बिघडता होणारं दुखणं मोठ्या प्रमाणावर आढळलं होतं. तेव्हा हा 'शहरातल्या एसीत बसणाऱ्यांचा आजार' आहे, हा समज सोडलेला बरा.

उपचार : गोळी नव्हे, चालणं पहिलं

फायब्रोमायल्जिया मुळापासून घालवणारं औषध नाही. तशी खात्री देणाऱ्यांपासून लांब राहावं, विशेषतः बिननावाच्या पुड्यांपासून. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि नंतर साखर, रक्तदाब, हाडं यांची वाट लागते.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळ्या उपचारांचे पुरावे तपासले. ठामपणे शिफारस करावी असा एकच उपचार निघाला : व्यायाम. आधीच अंग दुखणाऱ्याला हे ऐकून राग येतो आणि तो साहजिक आहे. पण इथे व्यायाम म्हणजे जिम नाही. पहिला आठवडा रोज पाच-दहा मिनिटं चालणं, तेही बोलता येईल इतक्या वेगाने. त्यात निभावलं, तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. जमत असेल तर पाण्यातला व्यायाम, सौम्य योगासनं, पुढे हलकी वजनं. सुरुवातीचे काही आठवडे दुखणं थोडं वाढू शकतं. हे आधी सांगितलेलं नसलं की लोक दहाव्या दिवशी चालणं सोडून देतात.

दुसरी गोष्ट कामाची विभागणी. त्रास कमी असलेला दिवस आला, की साठलेली सगळी कामं उरकायची, आणि मग तीन दिवस पडून राहायचं. हे चक्र जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ओळखीचं असतं. दिवाळीची साफसफाई एका रविवारी न करता रोज एक कप्पा करणं, कणीक बसून मळणं, कपडे पिळायला दुसऱ्याला देणं, दर अर्ध्या तासाने थांबणं, आणि थांबायचं ते दमल्यावर नाही, दमण्याआधी. यासाठी घरच्यांनी कामं वाटून घ्यावी लागतात. ज्या घरात सगळं एकाच बाईच्या अंगावर आहे, तिथे हा सल्ला कागदावरच राहतो.

झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल, तर ते वेगळं तपासायला हवं. वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. तिकडे पाठवलं, याचा अर्थ 'वेडं ठरवलं' असा नसतो.

औषधांत अमिट्रिप्टिलिनचा अगदी छोटा डोस रात्री देतात. ड्युलोक्सेटिन, मिल्नासिप्रान ही नैराश्याच्या औषधांच्या गटातली, तर प्रिगॅबलिन हे फिट्सवरही वापरलं जाणारं औषध. ही औषधं मज्जासंस्थेतले वेदनेचे संदेश शांत करतात, त्यामुळे चिठ्ठीवर ती पाहून घाबरायचं कारण नाही. काहींना त्यांचा चांगला फायदा होतो, बऱ्याच जणांना होत नाही. झोपाळूपणा, चक्कर, वजन वाढणं, तोंड कोरडं पडणं, मळमळ हे त्रास होऊ शकतात. ती स्वतःहून सुरू करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सूज कमी करतात. इथे सूजच नसल्याने त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि वर्षानुवर्षं घेतल्यास पोट आणि किडनी बिघडू शकते.

नोकरीचं काय?

भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात फायब्रोमायल्जियाचं नाव नाही. त्यामुळे रजा, बसून करायचं काम, सोयीची वेळ हे सगळं बहुतेक वेळा साहेबाच्या मर्जीवर चालतं. निदान, त्रासाचं स्वरूप आणि काय टाळायचं हे डॉक्टरांकडून लेखी घेतलेलं असेल, तर निदान बोलायला आधार मिळतो.

निदान झाल्यावरही पुन्हा डॉक्टरांकडे कधी?

एकदा हे नाव चिकटलं, की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाण्याचा धोका असतो. कारण नसताना वजन उतरणं, बरेच दिवस ताप, रात्री घामाने अंथरूण भिजणं, सांध्यावर दिसणारी सूज, एखाद्या हातापायातली ताकद जाणं ही फायब्रोमायल्जियाची लक्षणं नाहीत. यांपैकी काही झालं, तर पुन्हा नव्याने तपासणी करून घ्यावी. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला किंवा छातीत दुखून धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठावं.