विधिसंघर्षग्रस्त बालक व लैंगिक अपराधांतील शिक्षा

अपराधाच्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या आरोपीस भारतीय कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ मानतो व त्याच्या बाबतीत दंडापेक्षा सुधारणेस प्राधान्य देतो. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात मुलग्यांसाठी सोळा वर्षांची असलेली मर्यादा २००० च्या अधिनियमाने अठरावर नेली.

मुंबईतील शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणांत (२०१३) प्रौढ आरोपींना सत्र न्यायालयाने कठोर शिक्षा दिल्या. त्यांपैकी तिघांची फाशी उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जन्मठेपेत परिवर्तित केली. अल्पवयीन आरोपींना मात्र बाल न्याय मंडळाने २०१५ मध्ये तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत धाडले. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर हीच तफावत लोकक्षोभाचा विषय झाली होती.

परिणामी, जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या नव्या बाल न्याय अधिनियमानुसार, सोळा ते अठरा वर्षांच्या बालकावर घोर अपराधाचा आरोप असल्यास, त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि अपराधाची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करून मंडळ खटला बाल न्यायालयाकडे वर्ग करू शकते. तथापि देहदंड वा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

दुसरीकडे, बलात्काराच्या गुन्ह्यात प्रौढांस ‘पुरेशा व विशेष कारणांस्तव’ किमान मर्यादेहून कमी शिक्षा देण्याची न्यायाधीशांची मुभा फौजदारी कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली.

 गोव्यात केंद्रीय बाल न्याय अधिनियमाच्या जोडीस २००३ चा गोवा बाल अधिनियमही आहे. पीडितेस न्याय व बालकाचे पुनर्वसन ही दोन्ही कर्तव्ये सारखीच पवित्र होत.