बुटक्यांच्या बखरी

इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले येतात, आणि किल्ले म्हटले की ते पडतात. कुणी तोफांनी पाडले, कुणी फितुरीने. उरलेल्यांवर आपण सहलीला जाऊन नावं कोरतो. पण धन्याने डागडुजी काढली आणि तेवढ्याने किल्ला गेला, असं काही माझ्या वाचनात नव्हतं. ते ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या संगणकावरच्या खेळाने दाखवलं.

हा खेळ अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००६ साली लोकांच्या हाती दिला. टार्न हा स्टॅनफर्डचा गणितातला डॉक्टर. एवढं शिकून हा गृहस्थ बुटक्यांची घरं बांधत बसला म्हटल्यावर आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी काय केलं असतं, ते सांगायला नको. तिथे लोकांनी देणग्या पाठवल्या. सात बुटके घेऊन डोंगरात शिरायचं, खणायचं, दारू गाळायची आणि यथावकाश मरायचं, असा एकूण खेळ. हरण्यातच मजा, हे त्याचं ब्रीद!

सुरुवातीला हे जग सपाट होतं. पश्चिमेला रान, पूर्वेला डोंगर; आत खणत गेलं की आधी नदी, मग दरी, मग लाव्हा. या सपाट काळात ‘बोटमर्डर्ड’ नावाचा किल्ला गाजला. एकाने वर्षभर राज्य करायचं आणि किल्ल्याची जतन केलेली फाइल पुढच्याच्या हवाली करायची. प्रत्येकाने आपापल्या कारकिर्दीची बखर लिहिली. त्या बखरींत शत्रू म्हणून हत्तीच जास्त आहेत.

मग २००७ च्या ऑक्टोबरात टार्नने जगाला उंची दिली. मजल्यावर मजले आले, विहिरी खोल झाल्या, लोक खूश. फक्त जुने किल्ले नव्या खेळात उघडेनात. कारण फाइलमध्ये किल्ला नसतोच मुळी, नुसते आकडे असतात. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते प्रोग्रामला ठाऊक. जुन्या फाइलीत बुटक्याचा पत्ता दोन आकड्यांचा, नवा प्रोग्राम विचारतो, “कितवा मजला?” बिचाऱ्याला मजला ही चीजच माहीत नाही. बरं, डोंगराच्या वर काय नि खाली काय, हे कुणी कधी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. १९५७ साली आणे गेले, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे तरी होत होते. सपाट डोंगराची उंची कोणत्या कोष्टकातून काढणार? एप्रिल २०१० मध्ये पुन्हा तेच. बुटक्यांना कातडी, चरबी, स्नायू असे थर मिळाले, जमिनीखाली गुहा आल्या, आणि आधीचे किल्ले बाद.

फाइल उघडली म्हणजे सुटलो, असंही नाही. या खेळात जग जन्मतानाच त्याचा शेकडो वर्षांचा इतिहास घडवून ठेवलेला असतो. पुढच्या आवृत्तीतल्या नव्या गोष्टी त्या इतिहासात मागे जाऊन शिरत नाहीत. त्या हव्यात तर नवं जग मांडा. २०१५ च्या डिसेंबरात बुटक्यांना मद्यालयं मिळाली आणि मांजरं पटापट मरू लागली. टार्नने तपास केला. सांडलेल्या बिअरवरून मांजर चालायचं, मग सवयीप्रमाणे पंजे चाटायचं. आणि एका चाटण्याला अख्खा पेला पोटात गेल्याचा हिशेब प्रोग्राम धरत होता!

माझं मत विचाराल तर मी टार्नच्या बाजूचा. प्रत्येक जुना किल्ला खांद्यावर घेऊन चालायचं म्हटलं असतं, तर दोन भावांच्या हातून तो पहिला जिनाही झाला नसता. पण हे मत मी ज्याने रात्री जागून सपाट डोंगर पोखरला त्याच्यासमोर मांडणार नाही. त्याचे शंभर बुटके कुणी मारले नाहीत, कुठे गेलेही नाहीत. फाइल जागच्या जागी आहे आणि तिचं कुणाला वाचता येत नाही. अशाला ‘नवीन खेळ’ म्हणणं म्हणजे भाडेकरूला दारात उभं करून नव्या इमारतीचा नकाशा दाखवणं.

भावांनी एक मात्र चांगलं केलं. जुन्या आवृत्त्या फेकल्या नाहीत. २००६ पासूनच्या अजून उतरवून घेता येतात. सपाट किल्ला हवा असेल त्याने सपाट प्रोग्रामच चालवावा. मांजरं तिथे शुद्धीवर आहेत. हत्तीही आहेत म्हणा.