पंतोजींची शाळा
पेशवाईच्या उत्तरकाळी देवळाच्या ओवरीत अथवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरणाऱ्या पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. तरीही धुळाक्षरे गिरवणारी लहानगी थोरल्या विद्यार्थ्यांच्या हवाली करून, आणि एकाने पावकी-निमकी सांगावी व इतरांनी ती मागून म्हणावी या शिरस्त्याने, एकटा पंतोजी सारी शाळा सांभाळीत असे. मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तिकडील देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, तो प्रघात आपल्या शाळेत सुरू केला, थोरल्यांकडून धाकट्यांना शिकवविले, आणि १७९७ साली त्या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडातील शेकडो शाळांनी ही पद्धती स्वीकारली. घोकंपट्टी हा त्या परंपरेचा दोष खरा. परंतु विद्यार्थ्यावर विश्वास टाकून त्याला अध्यापनाचा वाटेकरी करणे हा तिचा गुण आजच्या दाटीच्या वर्गांनी निःसंकोच अंगीकारावा.